एक मिनिट अंधार

महिन्याचा दुसरा शनिवार. मुलांना तिकीट नाही.
मी दारात बसते, मनगटांवर शिक्के मारते:
निळ्या शाईतली कुदळ.
दोन आंघोळी झाल्या तरी निघत नाही,
अशी एका आईची तक्रार वहीत नोंदलेली आहे.

एप्रिल लागला तरी बर्फ गुडघाभर.
पायपुसण्यावर बुटांचा ढीग, ओले मोजे,
हरवलेल्या हातमोज्यांची टोपली.
तांब्याची खाण बंद पडून पन्नासच्या वर वर्षं झाली.
एवढं गाव एका जागी आता इथेच दिसतं,
नाहीतर दफनाला.

आत आयला पेल्टोनेन मागावर बसल्या आहेत.
चिंध्यांची सतरंजी. मुलांनी घरून एकेक पट्टी आणायची.
कुणाच्या गेलेल्या आजोबांचा चौकड्यांचा सदरा,
कुणाचं आखूड झालेलं झबलं,
एकानं कुत्र्याचं पांघरूण आणलं, न धुता.
आयला तेही विणून टाकतात.
अकरा वर्षं झाली, सतरंजी पुरी होत नाही.
विचारलं तर म्हणतात,
गावातले कपडे कुठे संपलेत अजून?

पलीकडच्या टेबलावर कणीक, गोमांस, बटाटा, सलगम.
कडेला जाड मुरड घाला, मिसेस ट्रेव्हॅरो सांगतात,
खाणीत हात काळे, म्हणून मुरडीला धरून खायचं
आणि मुरड तिथेच टाकायची, भुयारातल्या भुतांना.
"मग खाण बंद झाल्यावर त्यांना कोण देतं?"
विचारणारा सात वर्षांचा, नाकाला पीठ.
मिसेस ट्रेव्हॅरोंनी चाळीस वर्षं शाळेत शिकवलंय.
त्या लाटण्याकडे बघत राहिल्या.

अडीच वाजता तळघर.
तिथे प्लायवुडचं भुयार, गावच्या सुतारानं रंगवलेलं,
खरा एक ढकलगाडा, खरे रूळ वीसेक फूट,
आणि विल्हो कार्पिनेन, वय एक्क्याऐंशी,
जे अठराव्या वर्षी खाली उतरले होते. खरोखरच्या खाली.
पत्रकात छापलंय: अंधार पाहा, वेळ एक मिनिट.
अंधार कसा पाहायचा ते छापलेलं नाही.

विल्हो बटण दाबतात.
डोळ्यांत बोट घातलं तरी दिसणार नाही, असा.
एरवी ते साठ आकडे मनात मोजतात,
एक शब्द काढत नाहीत.
मी जिन्याच्या वरच्या पायरीवर,
कुणी रडलं तर दिवा लावायला.

आज कुणी रडलं नाही.
एक बारीक आवाज आला फक्त, चार वर्षांच्या टॅम्सिनचा:
"आता आपण आहोत का?"

कुणी हसलंही नाही.
मग विल्हो, चक्क विल्हो: "मी आहे."
जरा वेळानं कुणाचा तरी बाप: "मी पण."
"मी." "मी गाड्यापाशी." "मी आणि बाळ."
एक म्हातारी फिनिशमध्ये बोलली, तेच बोलली असणार.
मीही म्हणाले, वरून.
ऐकू गेलं नसेल.

मिनिट केव्हाच संपलं होतं.
विल्हो बटणावर हात ठेवून थांबले होते
जणू अजून एक आवाज यायचा राहिलाय.

दिवा लागला तेव्हा
एका बाईच्या हातात भलत्याच मुलाचा हात होता.
दोघांनी पाहिलं. लगेच सोडला नाही.

साडेचारला मी तक्ता भरते.
उपस्थिती सेहेचाळीस. मोडतोड नाही.
एक डावा बूट शिल्लक, लाल, तो खिडकीत ठेवला.
मग तळघर झाडायला गेले तर
गाड्याच्या मागे, रुळाला लागून,
भाजलेली मुरड, बोटभर,
कागदी रुमालावर नीट ठेवलेली.

उंदीर होतील. उचलायला हवी, नियम आहे.
मी झाडू दुसऱ्या बाजूनं फिरवला
आणि बटण दाबून वर आले.